ओपन सोर्स प्रकल्पाचा कारभार: भूमिका कशा ठरवाव्यात, निर्णय कसे घ्यावेत, सूत्रं कशी सोपवावीत

मुंबईत ओपन सोर्स प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, बहुधा दोघा-तिघांच्या ओळखीतून उभा राहतो. कॉलेजची बॅच असते, ऑफिसातली टीम असते, नाहीतर एखाद्या मीटअपला पडलेली गाठ. सुरुवातीला कारभाराचा प्रश्नच येत नाही, कारण अडलं की फोन करता येतो. मग कोल्हापूरहून कुणीतरी एक उत्तम पुल रिक्वेस्ट (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवतं, नाशिकची एक विद्यार्थिनी रोज इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी आणि सूचना) निपटायला लागते, एखादी कंपनी तुमचं सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात बसवते. या टप्प्यावर ‘हे कोण ठरवणार?’ असं कुणी विचारलं, तर दाखवायला काहीच नसतं.

परवाना आहे की, असं उत्तर येतं. पण परवाना वेगळा आणि कारभार वेगळा. एमआयटी किंवा जीपीएल परवाना सांगतो की कोड कुणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. मुख्य शाखेत, म्हणजे कोडच्या अधिकृत प्रतीत, कुणाचा बदल जाणार, रिलीज (नवी आवृत्ती) कोण काढणार, मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) कोण होणार आणि कुणाला कुणी काढायचं, याबद्दल परवान्यात एक अक्षर नसतं. ते ठरलेलं नसलं की न पटणाऱ्या माणसापुढे एकच रस्ता उरतो: कोड उचलून वेगळं घर करणं. ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस असंच २०१० मध्ये बाहेर पडलं. नोड.जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या कारभारावर नाराज झालेल्यांनी २०१४ च्या शेवटी आयओ.जेएस काढलं. २०१५ मध्ये दोघं पुन्हा एक झाले ते एका फाउंडेशनच्या छपराखाली, तांत्रिक सुकाणू समिती नेमून. भांडण कोडमुळे जेवढं होतं, तेवढंच निर्णय कुणाच्या हाती यावरून होतं.

म्हणून माझं पहिलं आणि ठाम सांगणं: सगळ्यांचं एकमेकांशी बरं चाललंय तेव्हाच नियम लिहून घ्या. भांडणाच्या ऐन भरात लिहिलेला नियम कुणाच्या तरी विरोधातच लिहिला जातो.

सोयीसाठी एक उदाहरण सगळीकडे वापरतो. समजा, मराठी शुद्धलेखन तपासणारं एक ओपन सोर्स साधन आहे. त्यात एक शब्दयादी आहे, ती तपासणारा कोड आहे, ब्राउझरसाठी एक्स्टेंशन आहे आणि अँड्रॉइड अॅप आहे. मूळ तिघं दादर-ठाणे पट्ट्यातले, बाकीचे महाराष्ट्रभर पसरलेले.

आधी किल्ल्या मोजा

भूमिकांची नावं ठरवायच्या आधी एक रूक्ष काम करा. प्रकल्पाच्या सगळ्या किल्ल्या कुणाकडे आहेत त्याची यादी काढा. रेपोचे (कोड ठेवलेल्या जागेचे) ओनर कोण, डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या कार्डावरून त्याचं नूतनीकरण होतं, एनपीएम किंवा पायपीआय या ऑनलाइन भांडारांवर पॅकेज चढवायचा अधिकार कुणाला, प्ले स्टोअरचं खातं कुणाचं, अॅपची साइनिंग की (ते खरं असल्याची सही करणारी डिजिटल किल्ली) कुठे ठेवली आहे, टेलिग्राम ग्रुपचा अॅडमिन कोण, देणगी येत असेल तर कुठल्या खात्यात. कागदावर कारभार कितीही सुंदर लिहिला तरी प्रत्यक्षात सत्ता या किल्ल्यांपाशी असते. डोमेन एका माणसाच्या खाजगी ईमेलवर असेल, तर समितीचा कुठलाही निर्णय त्या माणसाच्या मर्जीवर चालतो, मग तो कितीही भला असो.

प्रत्येक किल्ली किमान दोघांकडे हवी. ते दोघं एकाच घरातले किंवा एकाच ऑफिसातले नसले तर उत्तम. द्विस्तरीय पडताळणी सगळीकडे चालू करा. पायपीआयने ती २०२४ पासून सर्वांना सक्तीची केलीच आहे. आणि रिकव्हरी कोड छापून घरी ठेवा. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये फोन गेला की माणूस फोनसाठी हळहळतो, पण ऑथेंटिकेटर त्याच फोनवर होता हे रात्री घरी पोचल्यावर आठवतं. रिलीजचा एकमेव अधिकारी तोच असेल, तर सुरक्षेची तातडीची दुरुस्तीही त्याच्याबरोबर अडकते.

ही यादी सार्वजनिक करू नका, पण मेंटेनरांपैकी प्रत्येकाला ती कुठे आहे ते ठाऊक असू द्या.

भूमिका: चार ओळींत लिहिता येईल तेवढ्याच

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर परवानगीचे पाच स्तर आहेत: रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन आणि अॅडमिन. बरेच प्रकल्प याच पाच खणांत माणसं बसवतात आणि भूमिका ठरल्या असं समजतात. पण हे फक्त दारांचे कुलूप-नंबर झाले. खोलीत शिरलेल्याने काय करायचं, ते त्यात येत नाही. भूमिका लिहिताना चार प्रश्नांची उत्तरं द्या: या माणसाला काय करता येतं, त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, इथवर पोचायचं कसं, आणि थांबायचं कसं. चौथा प्रश्न बहुतेक जण गाळतात आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

ट्रायाज, म्हणजे आलेल्या इश्यूंची छाननी, करणाऱ्याची भूमिका अशी लिहिता येईल:

> इश्यू-सांभाळणारा. इश्यूला लेबल लावता येतं, दुबार इश्यू बंद करता येतो, माहिती मागता येते. कोड मर्ज करता (मुख्य शाखेत घेता) येत नाही. नव्या इश्यूला सात दिवसांत पहिलं उत्तर मिळेल हे पाहणं अपेक्षित. किमान दहा इश्यूंवर उपयोगी काम केलेल्या कुणाचंही नाव कोणताही मेंटेनर सुचवू शकतो. सात दिवसांत हरकत आली नाही तर अधिकार मिळतो. थांबायचं असेल तर एक ओळ लिहावी, कारण देण्याची गरज नाही. सहा महिने हालचाल नसेल तर विचारपूस करून अधिकार काढला जाईल. नाव आभारांच्या यादीत कायम राहील.

दहा इश्यू आणि सहा महिने हे आकडे माझे आहेत, तुमच्या प्रकल्पाच्या वेगाप्रमाणे बदला. आकडा असणं महत्त्वाचं, कारण ‘पुरेसं योगदान दिल्यावर’ असं लिहिलं की पुरेसं म्हणजे किती हे ओळखीवर ठरू लागतं.

साधारण मध्यम प्रकल्पाला वापरकर्ता, योगदानकर्ता, इश्यू-सांभाळणारा, कमिटर (कोड मर्ज करण्याचा अधिकार असलेला) आणि मेंटेनर एवढ्या पायऱ्या पुरतात. रिलीजची जबाबदारी ही वेगळी पायरी करू नका, पाळीपाळीने फिरवा. ज्याने एकदा तरी रिलीज काढलंय त्याला प्रकल्पाचं बांधकाम कळतं.

आता कोड न लिहिणाऱ्यांबद्दल, कारण आपल्याकडच्या प्रकल्पांत सगळ्यात मोठी उणीव इथे राहते. शुद्धलेखन तपासणीच्या साधनाचा प्राण शब्दयादीत आहे. ती नीट ठेवू शकणारी व्यक्ती म्हणजे कदाचित गिरगावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, त्यांना माहीत नाही आणि शिकायची त्यांना हौसही नाही. त्या स्प्रेडशीटमध्ये दुरुस्त्या पाठवतात, कुणीतरी त्या कमिट करतं, म्हणजे गिटमध्ये नोंदवतं, आणि प्रकल्पाच्या इतिहासात नाव त्या कुणाचं तरी राहतं. हे बदलायला तीन गोष्टी कराव्या लागतात. शब्दयादीच्या फोल्डरवर बाईंचा शब्द अंतिम आहे असं कारभाराच्या दस्तऐवजात लिहायचं. कमिट करताना मूळ लेखक म्हणून त्यांचं नाव घालायचं; गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा हे दोन वेगळे रकाने आहेतच. आणि कोडओनर्स फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या भागाला कुणाची मान्यता लागते त्या यादीत, त्या फोल्डरसमोर अशा कमिटरचं नाव घालायचं, ज्याने बाईंची संमती घेतल्याशिवाय मान्यता देऊ नये. मताचा अधिकारही त्यांना इतर कमिटरांइतकाच. कोड लिहिणाऱ्यालाच मत, हा नियम ज्या प्रकल्पांनी ठेवला त्यांचं दस्तऐवजीकरण आणि भाषांतर कायम भिजत घोंगडं राहतं, कारण ते काम करणाऱ्याला आपण इथले आहोत असं कधी वाटतच नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक थांबा

कमिटर करण्याआधी प्रत्येकाला विचारा: तुमच्या नोकरीच्या करारात काय लिहिलंय? भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पुष्कळ आयटी कंपन्यांचे करार याहून पुढे जातात आणि रिकाम्या वेळेत लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. पवईत किंवा ऐरोलीत काम करणाऱ्या तुमच्या कमिटरने एचआरकडून ईमेलवर लेखी परवानगी घेतली की विषय मिटतो.

याच्या जोडीला प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ मागा. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, २००४ पासून ही पद्धत धरली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, एवढं प्रमाणपत्र योगदानकर्ता त्या ओळीने देतो. स्वयंसेवी प्रकल्पाला एवढं पुरतं. कॉपीराइट किंवा व्यापक हक्क प्रकल्पाकडे सोपवायला लावणारा लांबलचक करार नव्या माणसाला दारातच घाबरवतो.

निर्णयांची तीन पातळ्यांत वाटणी

सगळेच निर्णय मतदानाला टाकणं ही हौस लवकर अंगाशी येते. गृहनिर्माण संस्थेत गच्चीच्या गळतीचा विषय सर्वसाधारण सभेत जातो, पण जिन्यातला दिवा बदलायला कुणी सभा बोलवत नाही. इथेही तेच तारतम्य लागतं.

रोजचे निर्णय मूक संमतीवर चालवा. बदल सुचवला, एका दुसऱ्या कमिटरने पाहिला, हरकत नाही, मर्ज झाला. अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत हीच रीत आहे: गप्प राहणं म्हणजे संमती. हरकत घ्यायची तर उणे एक लिहायचं, पण सोबत तांत्रिक कारण द्यायलाच हवं. कारणाविना घेतलेली हरकत बाद. हा छोटासा नियम फार उपयोगी आहे. ‘मला नाही आवडलं’ आणि ‘यामुळे जुन्या फाइली उघडणार नाहीत’ यातला फरक तो प्रत्येकाला करायला लावतो.

मधल्या पातळीवर येतात ते बदल, जे वापरणाऱ्याला जाणवतील किंवा मागे घेणं अवघड जाईल. त्यासाठी लेखी प्रस्ताव आणि मतं मांडायला ठरावीक मुदत. आमच्या उदाहरणातला एक निर्णय पूर्ण मांडून दाखवतो.

‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शब्दयादीत एकच प्रकार असला, तर दुसऱ्या प्रकारे टाइप करणाऱ्याच्या अगदी बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते, आणि त्याला का ते कळत नाही. त्यावरची निर्णय-नोंद अशी:

> प्रश्न: अर्ध्या र ची दोन रूपं, शब्दयादीत कुठलं ठेवायचं?
> निर्णय: यादीत ऱ आणि हलन्त हे रूप. तपासणीच्या वेळी दुसरं रूप आतल्या आत याच रूपात बदलून पाहायचं. वापरकर्त्याच्या मूळ मजकुराला हात लावायचा नाही.
> कारण: युनिकोड प्रमाणकात मराठीच्या या अक्षरासाठी हेच रूप आहे, दुसरं रूप जुन्या मजकुरात सापडतं.
> आलेली हरकत: आपोआप बदल केल्यास जुन्या दस्तऐवजांत शोध चालणार नाही. म्हणून मूळ मजकूर न बदलण्याची अट घातली. हरकत मागे घेतली.
> कुणी ठरवलं: कोडची जबाबदारी असलेले दोन कमिटर. शब्दयादीच्या जबाबदार बाईंची संमती घेतली.
> पुन्हा कधी उघडता येईल: नवी तांत्रिक माहिती आली तर.

पाच-सहा ओळी, पण वर्षभराने कुणी नवा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला दुवा देता येतो. हरकतीची ओळ मुद्दाम ठेवा. आपलं म्हणणं पटलं नाही तरी ते ऐकलं आणि नोंदलं गेलं, एवढ्यावर माणसं पुष्कळदा टिकून राहतात.

तिसऱ्या पातळीवर प्रकल्पाची दिशा, माणसं, पैसा आणि परवाना. आगरी, मालवणी किंवा वऱ्हाडी शब्द साधनाने चूक म्हणून दाखवावेत का? राज्य शासनाने मान्य केलेले साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम काटेकोर पाळायचे, की बोलींसाठी वेगळी यादी जोडता येईल अशी सोय ठेवायची? दोन कोडरांनी रात्री अकरा वाजता मर्ज करून टाकावा असा हा विषय नाही. ज्याची भाषा लाल रेघेखाली जाणार आहे, त्याचं मत आधी ऐकलं पाहिजे. इथे किमान दोन आठवड्यांची चर्चा आणि मग मतदान. नियम साधा ठेवा: कमिटर आणि मेंटेनर यांना प्रत्येकी एक मत, किमान निम्म्यांनी मत द्यायला हवं, आणि परवाना किंवा कारभाराचे नियम बदलायला दोन तृतीयांश.

मुदत किती, हेही स्थानिक परिस्थितीवर ठरतं. अपाचीत मतदान किमान ७२ तास खुलं ठेवायची रीत आहे, म्हणजे जगाच्या कुठल्याही टाइमझोनमधल्या स्वयंसेवकाला संधी मिळते. आपल्याकडे मी सात दिवसांपेक्षा कमी कधीच ठेवणार नाही. विरार किंवा बदलापूरहून रोज ये-जा करणारा माणूस लॅपटॉप घेऊन शांत बसतो तो रविवारी. गणपतीचे दिवस, दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि ३१ मार्चच्या आसपासचा पंधरवडा यांत मतदान लावू नका. त्या दिवसांत मंजूर झालेला ठराव नियमाने योग्य असला, तरी ‘आम्ही नसताना उरकलं’ ही भावना मागे राहते.

शेवटचा शब्द कुणाचा

एकमत झालंच नाही तर? इथे तीन वाटा चालत आलेल्या आहेत. पहिली, संस्थापकाचा शब्द अंतिम. लिनक्स कर्नल आजही बऱ्याच अंशी असाच चालतो, पण त्याखाली मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये कुठला भाग कुणाच्या देखरेखीखाली हे तपशीलवार लिहिलेलं आहे. दुसरी, निवडलेली समिती. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिचे जनक ग्विदो व्हान रॉसम अंतिम निर्णय देत असत. एका नव्या लेखनचिन्हावरून, म्हणजे पेप ५७२ या प्रस्तावावरून, झालेल्या कटू वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्यांनी ती जबाबदारी सोडली. पुढे कारभाराचे अनेक पर्याय मांडले गेले, मतदान झालं आणि पाच जणांची सुकाणू परिषद आली. त्यातला एक नियम उचलण्याजोगा आहे: पाचांपैकी दोनांहून जास्त सदस्य एकाच कंपनीचे असू नयेत. तिसरी वाट, मागे उभी असलेली कंपनी ठरवते. मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअर याचं ठळक उदाहरण आहे. कोड जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला, पण मुख्य विकास कंपनीकडे. यात गैर काही नाही. अट एकच, कंपनीचा शब्द शेवटचा आहे हे सरळ लिहून टाकावं. समाजाचा प्रकल्प म्हणायचं आणि निर्णय मात्र कंपनीच्या बैठकीत, असं केलं की स्वयंसेवक दुरावतात.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाची पद्धत मला विशेष भावते. १९९८ पासून त्यांची लिखित घटना आहे, दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते, आणि सदस्यांचा सर्वसाधारण ठराव प्रमुखाचा निर्णयही फिरवू शकतो. पण दहा-बारा जणांच्या प्रकल्पाने एवढी यंत्रणा उभारू नये. तीन मेंटेनरांची समिती, एक वर्षाची मुदत, शक्य तेव्हा तिघं वेगवेगळ्या ठिकाणचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांतले. पाचजण एकाच कॉलेजच्या बॅचचे असतील, तर पायथनचा दोनांचा नियम बॅचलाही लावा. एकत्र शिकलेल्यांचं एकमत आधीच झालेलं असतं आणि बाहेरच्या माणसाला ते फक्त कळवलं जातं.

भेट झाली, ठरलं नाही

मुंबईतल्या प्रकल्पांना भेटीगाठींची ओढ असते आणि ती चांगलीच गोष्ट आहे. शनिवारी माटुंग्याच्या एखाद्या उडप्याकडे चौघं बसले की महिनाभर रखडलेला विषय तासाभरात सुटतो. पण त्या टेबलावर नांदेडचा कमिटर नव्हता, डोंबिवलीची दोन लहान मुलांची आई नव्हती. म्हणून कारभारात एक ओळ घाला: प्रत्यक्ष भेटीत, फोनवर किंवा खाजगी ग्रुपवर झालेली कुठलीही गोष्ट हा प्रस्ताव असतो. तो इश्यूवर लिहिला, मुदत दिली, आणि मुदत संपली की मगच तो निर्णय होतो. व्हॉट्सअॅप ग्रुप निरोपानिरोपीला ठेवा. तिथला जुना मजकूर नंतर आलेल्याला एरवी दिसत नाही, त्यामुळे त्याला तो शोधताही येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. विद्यार्थी योगदानकर्ता मेंटेनरला ‘सर’ म्हणतो. म्हणू नकोस सांगितलं तरी म्हणतो, कारण घरी आणि कॉलेजात तेच शिकवलेलं असतं. आदराला माझी हरकत नाही. पण सरांनी प्रस्तावावर पहिल्याच दिवशी मत दिलं की खाली ‘बरोबर आहे सर’ असे पाच अभिप्राय येतात आणि चर्चा संपते. पहिल्या प्रतिसादात मेंटेनरने मत न देता प्रश्न विचारावा, आणि आपलं मत मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत लिहावं. मतदान असेल तर नव्या लोकांची मतं आधी मागवावीत. आणि ज्युनिअरने काढलेली चूक मान्य केली की ती उघड मान्य करावी, त्याच इश्यूवर, त्याच्या नावानिशी. एकदा असं घडलेलं दिसलं की पुढचे तिघं बोलू लागतात.

नवा माणूस आत कसा येतो

गूगल समर ऑफ कोड हा नव्यांना ओपन सोर्समध्ये आणणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि त्याच्या तयारीला लागलेली मुलं दर वर्षअखेरीस तुमच्या रेपोवर येतीलच. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या पुल रिक्वेस्टांच्या उत्सवाचीही गर्दी असते. २०२० मध्ये त्या निमित्ताने टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टांचा असा पूर आला की आयोजकांनी नियम बदलला; आता ज्या प्रकल्पाने स्वतःहून तयारी दाखवली त्यालाच त्यात धरतात. तुमच्याकडे रिव्ह्यूला (आलेले बदल तपासायला) माणसं नसतील तर त्या महिन्यात सामील होऊ नका.

नव्याने आलेल्याचं पहिलं उत्तर सर्वांत मोलाचं. समजा व्हीजेटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने एक्स्टेंशनमधला आकड्यांचा दोष दुरुस्त केलाय, पण टेस्ट (दुरुस्ती नीट चालते का ते तपासणारा कोड) लिहिलेली नाही. ‘टेस्ट नाही, मर्ज होणार नाही’ हे उत्तर नियमाने बरोबर आणि तरीही निरुपयोगी. त्याऐवजी: ‘दोष नेमका पकडलात, देवनागरी आकडे आपण विसरलो होतो. याला एक टेस्ट हवी. तपासणीच्या फोल्डरमध्ये तारखांची टेस्ट आहे, तिच्या धर्तीवर लिहा. अडलं तर इथेच विचारा.’ दोन मिनिटं जास्त लागतात, पण ती मुलगी परत येते. आणि ‘तुम्ही’च म्हणा, वय कितीही कमी असलं तरी; रिव्ह्यूत अरे-तुरे आलं की पुढचं वाक्य आज्ञार्थी होतं.

लिनक्स आणि लिब्रेऑफिसची तोंडओळख मराठीतून हवी असणाऱ्यांना आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियलकडे पाठवा. चर्चा कुठल्या भाषेत करायची तेही लिहून टाका. मराठी साधनाच्या इश्यूत मराठीच चालावी; कोडमधल्या टिपा इंग्रजीत ठेवल्या तरी हरकत नाही.

आचारसंहिता आणि तक्रार

कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट या तयार आचारसंहितेचा मसुदा जसाच्या तसा घेतला तरी चालतो. त्याच्या २.१ या आवृत्तीत कारवाईच्या चार पायऱ्या आहेत: समज, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. फाइल टाकणं सोपं. तक्रार आल्यावर ती वाचणार कोण हा खरा प्रश्न. दोन माणसं नेमा, त्यातली एक तरी स्त्री असावी, आणि तक्रार मेंटेनरविरुद्ध असेल तर ती पाहायला प्रकल्पाबाहेरची एक व्यक्ती आधीच ठरवून ठेवा. पोच ४८ तासांत. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील हे लिहा, आणि पाळा.

पैसा, नाव आणि नोंदणी

पैसा आला की संस्था काढायची घाई होते. ट्रस्ट करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी वर्षानुवर्षं हिशेब, लेखापरीक्षण आणि बदल अर्जांचा व्यवहार ठेवावा लागतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनीही काढता येते. तिचं वार्षिक काम त्याहून कमी नाही. आणि संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० च्या एफसीआरए कायद्याची परवानगी लागते. एवढं सगळं सांभाळायला सीए हवा आणि त्याची फी भरण्याइतका पैसा हवा. वर्षाला सर्व्हर आणि डोमेनपुरताच खर्च असेल तर संस्था काढू नका. फॉस युनायटेडसारख्या संस्था भारतातल्या प्रकल्पांना अनुदान देतात, आधी तिकडे पाहा. खर्चाची सार्वजनिक शीट मात्र पहिल्या रुपयापासून ठेवा.

प्रकल्पाचं नाव लोकांच्या ओळखीचं झालं असेल तर ट्रेडमार्कचा विचार करा. त्याचं मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे. नोंदणी एका माणसाच्या नावावर करावी लागली, तर ते नाव तो प्रकल्पासाठी धारण करतोय आणि समितीने सांगितल्यावर हस्तांतरित करेल, असा लेखी करार त्याच दिवशी करा.

सूत्रं सोडणं आणि सोपवणं

मेंटेनर थकतो. नोकरी बदलते, घरी आजारपण येतं, मन उडतं. त्याला सन्मानाने बाजूला होता आलं नाही तर प्रकल्प धोक्यात येतो, आणि याचे दोन दाखले प्रत्येक मेंटेनरने नीट वाचावेत. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजची देखरेख मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे सोपवली आणि त्यातून क्रिप्टो वॉलेट लुटणारा कोड घुसला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. जिया तान या नावाने वावरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ खरं, उपयोगी काम करून विश्वास मिळवला होता. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर इतर काही खात्यांवरून ‘काम रखडलंय, दुसऱ्याला अधिकार द्या’ असा दबावही आला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन किंचित हळू होतंय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं.

यावरून सगळ्या अनोळखी माणसांकडे संशयाने बघायचं ठरवलं तर प्रकल्पच संपेल. सूत्रं सोपवण्याची गती ठरवा. रिलीजचा अधिकार कमिटर झाल्यानंतर किमान एक वर्षाने. रिलीज नेहमी दोघांच्या संमतीने. प्रकाशित होणारी फाइल रेपोतल्या कोडपासूनच तयार झाली आहे हे दुसऱ्याने तपासायचं, कारण एक्सझेडमध्ये सापळ्याचा एक भाग फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (प्रकाशित केलेल्या गठ्ठा-फाइलमध्ये) होता. आणि मेंटेनरवर दबाव येत असेल तर उत्तर त्याने एकट्याने देऊ नये, समितीच्या नावाने जावं.

थांबणाऱ्यासाठी ‘माजी मेंटेनर’ अशी यादी ठेवा. थांबतो म्हटल्याच्या आठवड्यात किल्ल्या काढून घ्यायच्या, टोकन रद्द करायची, पासवर्ड बदलायचे, हे प्रत्येकाच्या बाबतीत, संस्थापकाच्याही. सगळ्यांना सारखं लागू असलं की त्यात अपमान वाटत नाही. परत यायचं असेल तर एका मेंटेनरच्या शिफारशीवर कमिटर म्हणून, आधी इश्यू सांभाळायला न लावता. मात्र रिलीजचा अधिकार पुन्हा काही महिन्यांनीच.

हे सगळं एका ‘गव्हर्नन्स’ फाइलमध्ये दोन-तीन पानांत मावतं. वाचन, चर्चा आणि पहिला मसुदा यांना महिनाभर द्या. पहिल्या आवृत्तीत भूमिका, निर्णयांच्या तीन पातळ्या, समितीची मुदत आणि थांबण्याची रीत एवढंच घाला. पैशाचं कलम पैसा आल्यावर. फाइल बदलायची पद्धत तिच्यातच लिहा: पुल रिक्वेस्ट, चौदा दिवसांची मुदत, दोन तृतीयांश मतं. आणि पुढच्या आढाव्याची तारीख वर पहिल्याच ओळीत टाका, ती तारीख ज्याच्या कॅलेंडरवर आहे त्याच्या नावासकट.